चिंचेखालच्या केसाळ गोळ्या आणि दौंडचं भाषण

या, अशा जवळ सरका. लांबून नुसत्या माना डोलवू नका. कुणी मनालीला जाऊन आलं की तासभर ऐकता, आणि मी केंदूरहून दौंडला गेले म्हटलं की हसता! जाऊन तर बघा एकदा. तीन गाड्या बदलाव्या लागतात.

कारण आधी सांगते. आमच्या बांधावरच्या चिंचेखाली महिनाभर काळ्या, केसाळ गोळ्या पडत होत्या. आवळ्याएवढ्या, आत हाडं. माझी सून सुनीता म्हणाली, "करणी हाय ही. धाकल्या आत्यांचंच काम." धाकल्या आत्या म्हणजे माझी जाऊ शांता, बांधापलीकडं राहते. हे तिच्या कानावर गेलं आणि तिनं आमच्या दारात पाय टाकणं सोडलं. उभा जन्म जिच्याबरोबर धुणं धुतलं, ती मला बघून तोंड फिरवायला लागली.

तेवढ्यात पेपरात वाचलं, की दौंडला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रानातल्या जीवांची माहिती द्यायला तज्ज्ञ येतात. कुणीही यावं, डबा खात ऐकावं. म्हटलं, हाडं ओळखणारं माणूस तिथं सापडेल. एका डब्यात भाकरी-ठेचा घेतला, दुसऱ्यात गोळ्या, आणि निघाले.

शिक्रापूरहून एसटी, न्हावऱ्याला उतरून दुसरी. कंडक्टरनं विचारलं, "आजी, कुणाकडं निघाला?"

"भाषणाला."

"इलेक्शन लागलं का काय?"

पारगावच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर आडवा झालेला. अर्धा तास भीमेचं पाणी बघत बसले. तुडुंब नदी, दोन्ही काठांना ऊसच ऊस. छान होतं हो, पण जीव टांगलेला. केडगावला रेल्वे धावतपळत गाठली.

दौंडच्या हॉलमध्ये बँकेतले, शाळेतले, रेल्वेतले लोक डबे उघडून बसले होते. सगळीकडं शेंगदाण्याच्या चटणीचा वास. सुट्टी पाऊण तासाची, त्यात प्रास्ताविक आणि सत्कार. शाल, नारळ, टाळ्या. माईक जोडणाऱ्याचासुद्धा सत्कार झाला. मग तज्ज्ञ मॅडम उठल्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. माळरान रिकामं दिसतं पण रिकामं नसतं, असं त्यांनी लांडग्यापासून सुरू केलं. जरा रंग भरतोय तोवर संयोजक उभे. "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत."

आता माझ्या गोळ्या दाखवायच्या कुणाला? शेजारी रेल्वेतले एक मामा डबा विसरून आलेले, तोंड कोरडं करून बसले होते. म्हटलं, निदान हा जीव तरी उपाशी जाऊ नये. "घ्या मामा, घरचं हाय," म्हणून डबा पुढं केला. घाईत कुठला, ते बघितलंच नाही.

"वा! काळ्या तिळाचं लाडू!" मामांनी एक उचलला, फोडला, आणि बोटांत आला दातांसकट जबडा.

"आयायायाय!"

अख्खा हॉल उभा राहिला. मॅडम शालीसकट धावत आल्या, डब्यात बघितलं आणि खालीच बसल्या. "आजी, हे कुठं मिळालं तुम्हाला?" डोळे असे चमकले, जणू सोनं आणलंय. बांधावरच्या चिंचेखाली, म्हटलं. तुमच्या झाडाच्या खोडात पोकळ ढोली असणार, तिथं घुबड राहतंय, म्हणाल्या. ते उंदीर अख्खा गिळतं. केस-हाडं पचत नाहीत, त्यांची गोळी करून तोंडानं बाहेर टाकतं. त्यांनी कागदावर एक गोळी सोडवून दाखवली. उंदरांची तीन डोकी निघाली. जेवायचं सगळ्यांनी सोडलं, पण उठून कुणी गेलं नाही.

"म्हंजी मी घुबडाचं उष्टं खानार व्हतो?" मामा.

"न्हाई खाल्लं न्हवं? आता भाकर खा गुमान."

मॅडमना म्हटलं, "बाई, हे लिहून द्या. माझ्या घरात तोंडच्या शब्दाला किंमत न्हाई." त्यांनी लिहून खाली सही केली.

दिवेलागणीला घरी पोचले. सुनीतानं कागद दोनदा वाचला, तरी खरं वाटेना. तिच्याच हातात एक गोळी दिली. तिनं फोडली, एकेक हाड वेगळं केलं. मग डोक्यावर पदर घेऊन बांध ओलांडून गेली. मी मागं.

"धाकल्या आत्या, चुकलं माझं."

शांतानं तिला खालवर बघितलं. "अगं, मला करणी येत असती, तर पैलं तुझ्या सासूचं तोंड बंद केलं असतं की!" आणि चहा ठेवला.

शेजारच्या झाडावर कोण राहतं ते ठाऊक नसलं, की माणूस शेजारणीवर आळ घेतं. एवढं कळायला मला दौंड गाठावं लागलं. तुम्ही मात्र केंदूरलाच या, आणि लवकर या. चिंचेखाली खाट टाकून ठेवते. फक्त बसताना आधी वर बघा.