आमचे भित्रे मामाजी

आमच्या मामाजींइतका भित्रा जीव चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात नसेल. ससेसुद्धा त्यांच्यापुढे छाती काढून चालतील. माजरीच्या कोळसा खाणीत त्यांनी नोकरी काढली ती वरच्या स्टोअरमध्ये; खाली उतरायचं नाव काढलं की त्यांचं पोट बिघडे. बसमध्ये चढण्याआधी ड्रायव्हरला विचारत, "भाऊ, झोप झाली ना?" रस्त्यात कुणी भेटलं तर जयभीमही दुरूनच, न जाणो त्याला सर्दी असली तर! चपला झटकून घालत आणि विंचू निघाला नाही की "म्हंजे घरात शिरला" म्हणून आणखीच घाबरत.

हे मामाजी गेल्या हिवाळ्यात अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात लगेच ऑपरेशन करून आत रॉड बसवला, सगळं नीट झालं. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "म्हातारं माणूस पडून राहिलं की छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. उद्यापासून बसवा, उभं करा, खोल श्वास घ्यायला लावा. हाडाचं आम्ही पाहिलं, छातीचं तुम्ही पाहा."

मामाजी मात्र डोळे मिटून आडवे. टाके तुटतील म्हणून खोकायलाही तयार नाहीत. "बसलो अन् रॉड निंगला तं?" म्हणत मामींचा हात घट्ट धरून ठेवत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचं अंग तापलं, छातीतली घरघर ऐकू येऊ लागली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, पण म्हणाले, "कफ त्यांनाच काढावा लागेल." मी श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र पुढे धरलं; नळीने श्वास ओढला की आतल्या गोळ्या वर चढतात, ते. माझा हात इतका कापत होता, की आतल्या गोळ्या वाजू लागल्या.

मामाजींनी डोळे उघडले. जन्मभर भिण्यात मुरलेला माणूस. दुसऱ्याची भीती त्यांना लगेच ओळखू आली.

"काऊन भेऊन राह्यला बे?"

"तुम्ही जाल म्हणून," माझ्या तोंडून निघून गेलं.

मामींनी तोंडाला पदर लावला. आपल्याहून घाबरलेला माणूस मामाजी बहुधा पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाले, "मले उठव. भेऊ नको, मी आहो ना."

बसले. नळी तोंडात धरून श्वास ओढला. एक गोळी जेमतेम हलली. खोकले, कळवळले, पुन्हा ओढला. सकाळी "धरा, धरा!" ओरडत वॉकर धरून उभेही राहिले. हळूहळू ताप उतरला.

आता ते घरी आहेत. दुपारी खुर्चीतच त्यांचा डोळा लागतो. मी शेजारी बसून असतो. एखादा श्वास लांबतो, पुढचा यायला उशीर होतो; तेवढा वेळ मीही श्वास घ्यायचा थांबतो.