सोमवारचा उपास

आमच्या वर्ध्याकडच्या घरात कुणाही मोठ्या माणसाला एखादा पदार्थ आवडत नाही, असं कधी झालं नाही. वडिलांना कारलं चालत नसे, पण ते पित्तामुळे. काकांनी शेपू सोडला होता, तो म्हणे काशीला. आई वांग्याच्या दिवशी दात दुखतो म्हणायची आणि संध्याकाळी त्याच दातांनी हरभरे चावायची. ‘आवडत नाही’ हे फक्त पोरांनी म्हणायचं आणि त्याबद्दल पाठीत धपाटा खायचा. मी मोठा झालो तेव्हा ही विद्या माझ्या अंगात पुरती मुरली होती.

पन्नासच्या दशकात मास्तर म्हणून माझी नेमणूक चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका जंगलातल्या गावी झाली. एकटा जीव, सडाफटिंग. चूल पेटवायची अक्कल नव्हती आणि गावानं ती वेळ येऊही दिली नाही. ज्या घरचं पोर शाळेत, त्या घरी पाळीनं मास्तरांचं जेवण, असा तिथला रिवाज होता. तेरा घरं होती, सगळी धान पिकवणाऱ्या कुणब्यांची. मी जेवायला खंबीर होतो. तिन्ही त्रिकाळ भात पाहून ज्वारीवर वाढलेला माझा जीव रुसायचा, पण तोंडावर तसं दिसू देईन तर शपथ!

आषाढात चौदावं घर आलं. नाल्यापलीकडे गोंडांचा टोला, म्हणजे त्यांची वेगळी वस्ती, होता आणि तिथून आजवर एकही पोर शाळेत आलं नव्हतं. एक दिवस एक म्हातारा आठेक वर्षांच्या नातीचा हात धरून आला. तिला खाली बसवलं आणि मला म्हणाला, “पोरगी तुमच्यापाशी देऊन राह्यलो, गुरुजी. आता आमच्या घरीबी पाळी लावा.”

मी लावली, आणि मनातून फुललो. ही पोरगी टिकली तर टोल्यावरची बाकीची पोरं येणार, हे मला ठाऊक होतं. टोलाही तिच्याकडेच पाहत होता.

चौदा घरं झाल्यामुळे प्रत्येक घराला कायमचा एक वार मिळाला. म्हाताऱ्याचा आला एकाआड एक सोमवार. मधला सोमवार पाटलांचा.

पहिल्या सोमवारी म्हाताऱ्याच्या सुनेनं पानावर भात वाढला आणि वर वास्ते. बांबूचे कोवळे कोंब बारीक चिरून, तीन दिवस आंबवून केलेली ही भाजी तिथं पावसाळ्यात घरोघरी होते. कुणब्यांकडे सोबत वरण असायचं, म्हणून माझं निभावत होतं. इथं भात आणि वास्ते, एवढंच. पाहुण्यासाठी तिनं मुद्दाम जास्त आंबवले होते. तो वास नाकात शिरला आणि माझ्या पोटानं हात जोडले. मी घरची युक्ती वापरली. मोठे घास, वर पाणी, चावायचं नाही. पान लख्ख केलं आणि सुनेला म्हणालो, “बाई, फार छान झालं होतं.” तिनं लगेच आणखी वाढलं. म्हणतात ना, आपलेच दात आपलेच ओठ!

पुढची पाळी श्रावणात आली. गुरुजींना आवडतात म्हणून तिनं पुन्हा वास्तेच केले होते. अंगणातच वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आज माझा सोमवारचा उपास आहे.” ती हातातलं पान घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारा म्हणाला, “देवाचं आहे, त काय बोलाचं!” मी खोलीवर आलो आणि पसाभर फुटाणे खाल्ले. स्वतःच्या हजरजबाबीपणावर मी खूश होतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढचा सोमवार पाटलांचा. त्यांच्याकडे त्या दिवशी झुणका-भाकर होती. कित्येक दिवसांनी ज्वारीची भाकर दिसल्यावर कसला वार आणि कसला महादेव! मी चार भाकरी हाणल्या. ओसरीबाहेर पाटलांकडे कामाला आलेले टोल्यावरचे दोघे बसले होते. ते मला दिसले होते, पण उपास काही आठवला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी म्हाताऱ्याच्या दारात पुन्हा उपास सांगितला. या वेळी त्यानं सुनेला पान आत न्यायला सांगितलं.

मंगळवारी पोरगी शाळेत आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी पाटलांच्या पोरानं सांगितलं, “गुरुजी, ते पोरगी आता नाई येत.” आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटलांचं खातो आणि गोंडाचं टाळतो! माझी जात वरची, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मी त्या जागी असतो तर मीही तेच समजलो असतो. शाळा सोडून मी तसाच नाला ओलांडला.

म्हाताऱ्यानं बाज टाकली, बसा म्हणाला. पाऊसपाणी विचारलं. पण पाणी विचारलं नाही. त्या मुलखात अनोळखी वाटसरूलाही आधी पाणी देतात. मी नाही म्हणेन आणि मला ओशाळं व्हावं लागेल, म्हणून तो ते टाळत होता. एवढा सभ्य अपमान माझा कधी झाला नव्हता, आणि तो मी कमावलेला होता.

“भाऊ, पाणी द्या,” मी म्हणालो.

त्यानं सुनेकडे पाहिलं. तिनं तुंबा आणला, वाळल्या भोपळ्याचा. मी तो तोंडाला लावून घटाघटा प्यालो.

“आता जेवायला वाढा.”

“आज तुमची पाळी नाई.”

“नसू द्या. काय असेल ते वाढा.”

असायचं काय, भात आणि वास्ते! मी मांडी ठोकून बसलो. मोठा घास, वर पाणी. दुसरा घास, वर पाणी. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबलो नाही. म्हातारा समोर उकिडवा बसून नुसता पाहत होता. चौथ्या घासाला त्यानं माझा हात धरला.

“गुरुजी, तुमाले हे आवडत नाई न?”

काशी, पित्त, दात, महादेव, सगळे जिभेवर येऊन गेले. मी ते गिळले. “नाही आवडत, भाऊ. पहिल्या दिवसापासून नाही.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“लाज वाटली.”

तो हसला, पण लगेच नाही. आधी त्यानं आत पाहिलं. आपल्या हाताला चव नाही असं समजून चार दिवस रडलेली सून दारात उभी होती. तिला तो म्हणाला, “आयकलं का पोरी? गुरुजीले वास्ते आवडत नाई. अन् मले वाटलं, आमीच आवडत नाई.”

मला रडू कोसळलं. तिखटाचं निमित्त करता आलं असतं, पण त्या भाजीत तिखट नव्हतं आणि निमित्तांचा मला वीट आला होता.

शनिवारी सकाळी पोरगी शाळेत आली. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात पळसाच्या पानाची पुडी. पुडीत भिजवून उकडलेली मोहफुलं होती.

“आजानं सांगतलं, हे खाऊन पाहा. नाई आवडलं त तोंडानं सांगजा. देवाले मधात आनू नोका.”

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी एक फूल चावलं. गोड, आणि घशात उतरता उतरता उग्र.

“नाही आवडलं,” मी म्हणालो.

“मलेबी नाई आवडत,” ती म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली.