कौल नव्हे, नुसते फूल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीला लेकीकडे होते. एसटीने कोरेगाव गाठून गावात पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. आता दीड महिना होत आला. निवृत्तीनंतर, या वयात प्रथमच लेखणी हाती घेताना संकोच वाटतो. तरी अण्णांविषयीची एक गोष्ट मनात ठेवून चालणार नाही.

अण्णा आमच्या भैरोबाचे गुरव. कुणाचे काही अडले की तो अण्णांकडे कौल लावायला येई. देवाच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे ते एकेक ओले फूल चिकटवीत. उजवे आधी गळले तर होकार, डावे गळले तर नकार. सरपंचपद महिलांसाठी राखीव झाले आणि शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, पालकसभेत बोलतानाही अडखळणाऱ्या मला गावाने त्या खुर्चीवर बसवले. पहिल्याच उन्हाळ्यात तलाव तळाला गेला. उरलेले पाणी उसाला सोडायचे, की मोटारी बंद करून ते पिण्यासाठी राखायचे, हे मी ठरवायचे होते. ग्रामसभेत विलास उभा राहिला. "बाई, ही शाळा न्हवं. हितं छडी चालत न्हाई!" सभा हसली. मागून अण्णांचा आवाज आला, "आरं इल्या, बस खाली. तुलाबी पाढं बाईंनीच शिकवल्यात."

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. "अण्णा, कौल लावा. देवाने सांगितले म्हणजे कोणी बोलणार नाही."

अण्णा पुसायला घेतलेली समई खाली ठेवून म्हणाले, "ह्याला कौल न्हाई लावायचा, बाई. फूल किती ओलं केलं की कवा पडतंय, ते माज्या बोटांस्नी ठावं हाय. आन तळ्याखाली माजाबी ऊस हाय. तुमचं वझं देवाच्या अंगावर टाकू नगा. तुमी ठरवा. आमी हाय मागं."

मी मोटारी बंद केल्या. अण्णांचा ऊस डोळ्यांदेखत वाळला. त्यांनी तो कापून गुरांना घातला. आणि त्या वर्षी पाऊस नेमका वेळेआधी आला, तलाव आठवड्यात भरला. बाईंनी उगाच ऊस जाळला, असे लोक उघड बोलू लागले. मी अण्णांच्या दारी गेले. वैरणीची पेंढी सोडता सोडता अण्णाच म्हणाले, "पाऊस काय तुमास्नी इचारून येतोय व्हय? तवा जे दिसलं, ते तुमी केलं. च्या घ्या." माझा निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पुढच्या निवडणुकीत सदस्यांनी विलासला सरपंच केले.

तेराव्याच्या दिवशी अण्णांचा मुलगा दत्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी सरपंच हुता तवर अण्णा रोज सकाळी एक फूल तुमच्या नावानं लावायचं. कौल न्हवं, नुसतं फूल."

"काय मागायचे?"

"बाईंचं मन थाऱ्यावर ऱ्हाऊ दे, येवढंच."

पाच वर्षांत अण्णांनी हे मला एकदाही कळू दिले नव्हते.

यंदा तलाव पुन्हा खाली गेला आहे, आणि त्या खुर्चीवर विलास आहे. परवा तो रस्त्यात भेटला. डोळ्यांखाली काळे झाले होते. "बाई, तुमी कसं वो ठरवलं हुतं?" त्याने विचारले. घरी येऊन मी परसातले जास्वंदीचे फूल घेऊन देवळात गेले आणि ते विलासच्या नावाने लावायला, आता अण्णांच्या जागी पूजा करणाऱ्या दत्ताला दिले. त्याचा हात अजून बसलेला नाही. फूल लावताक्षणीच गळले. ते देवाच्या उजवीकडे पडले की डावीकडे, हे पाहायला मी वाकले.

"बघू नगा, बाई," दत्ता म्हणाला. "ह्यो कौल न्हवं." त्याने फूल उचलले, कळशीत बुडवले आणि पुन्हा लावले.