बिअरच्या खोक्याचा तळ

मेलबर्नहून आलेल्या फोटोत खोका होता, पण त्याला तळ नव्हता. चोवीसपैकी सात बाटल्या फुटलेल्या, बाकीच्या एका टबात ओल्या कागदांत लडबडून पडलेल्या. पाठवलेली ही दुसरी खेप. पहिलीचंही हेच झालं होतं.

मी तेव्हा सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत पॅकेजिंग इंजिनिअर होते. फ्रेट फॉरवर्डर म्हणजे तुमचा माल विमानात किंवा जहाजात चढवून पलीकडे पोचवणारा मधला माणूस. पॅकेजिंग इंजिनिअर म्हणजे तो माल फुटला की सगळे ज्याच्याकडे बघतात तो.

माल होता डेसमंडचा. शिपयार्डमधली इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून त्याने बुकित बातोकच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटी ब्रूअरी काढली होती. तिथे क्राफ्ट बिअर बनायची, म्हणजे थोडी थोडी, स्वतःच्या चवीने बनवलेली. मेलबर्नच्या काही बिअरवेड्यांशी त्याच्या इंटरनेटवर वर्षानुवर्षं गप्पा चालत. त्यांचं दरवर्षी बिअर चाखण्याचं एक टेस्टिंग असायचं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी डेसमंडची ताडगूळ घातलेली बिअर मागवली होती. परवाने, ड्यूटी सगळं रीतसर होतं. फक्त बाटल्या धड पोचायच्या होत्या, आणि टेस्टिंग तीन आठवड्यांवर आलं होतं.

मिस लिम, माझी बॉस, कधी आवाज चढवत नसे. म्हणूनच तिची भीती वाटायची.

"स्वाती, आपला माल पुन्हा गळला तर एअरलाइन आपल्याकडून लिक्विड घेणार नाही. मग तुझं डेस्क ठेवून मी काय करू?"

मी म्हटलं, लोडर खोके आपटतात, त्याला मी काय करणार. पहिल्या खेपेनंतर मी एअरलाइनला तसं कडक पत्रही पाठवलं होतं आणि दुसऱ्या खेपेत बबल रॅप दुप्पट करायला लावला होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं तेव्हा.

फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. खोका आपटला की कोपरा चेपतो. इथे चारही कोपरे शाबूत होते. तळाचा पुठ्ठा मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटला होता. शिवाय न फुटलेल्या बाटल्यांची लेबलंही निसटली होती. बिअर सांडून लेबल इतकं सुटत नाही. म्हणजे खोका आधी ओला झाला, मग फाटला, आणि बाटल्या फुटल्या त्या सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी मी ब्रूअरीत गेले आणि डेसमंडला म्हटलं, नेहमी करतोस तसं पॅकिंग करून दाखव.

त्याने चिलर उघडला. एकेक बाटली बाहेर काढून तो लगेच रॅपमध्ये गुंडाळत होता, लगेच खोक्यात ठेवत होता. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं इतक्या मायेने. सिंगापूरच्या हवेत थंड बाटली बाहेर काढली की मिनिटभरात तिच्यावर पाणी धरतं. मी हात लावला, तळवा ओला. अशा चोवीस बाटल्यांचं पाणी रॅपमध्ये कोंडून आम्ही खोका टेपने बंद करत होतो. माझ्या दुप्पट रॅपने ते पाणी आणखी नीट कोंडलं होतं. लाज वाटली.

पुठ्ठ्याचं सगळं बळ दोन कागदांमधल्या नागमोडी कागदात असतं. तो भिजला की मऊ पडतो, मग खोका नावापुरताच उरतो.

"बाटल्या आधी चिलरबाहेर ठेवायच्या," मी म्हटलं. "एसी स्टोअरमध्ये दिवसभर. पुसून कोरड्या करायच्या, मग पॅक."

"नो, नो. गरम झालेली बिअर मेली, लाह. मी ती मित्रांना पाठवणार नाही." वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडला की डेसमंडचं ठरलेलं असायचं.

"मग तळ नसलेला खोका पाठवू?"

तरी तो हटेना. माणूस इंजिनिअर होता, म्हणून मी वादाऐवजी टेस्ट मांडली. एक खोका त्याच्या पद्धतीने भरला, एक माझ्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर, तळावर पाडले. आमच्या धंद्यात याला ड्रॉप टेस्ट म्हणतात. त्याचा खोका तिसऱ्या वेळी खालून उघडला. माझा दहा वेळा पडला, एकही बाटली हलली नाही.

"खोक्याचं पटलं," डेसमंड म्हणाला. "चवीचं काय?"

त्याचीही सोय केली. एकाच बॅचच्या बाटल्या. काही सतत चिलरमध्ये ठेवलेल्या, तर एक बाटली दोन दिवस एसी स्टोअरमध्ये ठेवून पुन्हा गार केलेली. तीन ग्लास, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते त्याने सांगायचं. ओतायला मी, कारण मी पीत नाही. न पिणारी माणसं अशा वेळी फार विश्वासाची ठरतात.

डेसमंडने ग्लास हुंगले, उजेडात धरले, घोटघोट घेतले. सात-आठ मिनिटं गेली. मग त्याने मधला ग्लास पुढे सरकवला. मी ग्लासांखालच्या चिठ्ठ्या उलटल्या. वेगळा उजवीकडचा होता.

त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा चुकला. मग जोरात हसला आणि स्टोअरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिसरी खेप मी स्वतः भरली. प्रत्येक बाटली पुसली, सुक्या कापडाने पुन्हा पुसली, फोमच्या खाचेत उभी केली. डेसमंड दाराशी हाताची घडी घालून उभा होता. आत यायची परवानगी नव्हती.

चौथ्या दिवशी फोटो आला. टेबलावर चोवीस बाटल्या ओळीत उभ्या, लेबलं सरळ, मागे रिकामा कोरडा खोका. मी ऑफिसात चक्क टाळी वाजवली. मिस लिमने काचेआडून पाहिलं, बाहेर येऊन फोटो पाहिला आणि म्हणाली, "याची पॅकिंग इन्स्ट्रक्शन लिहून काढ. यापुढे सगळ्या लिक्विडला हीच." तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे सत्कारच. एअरलाइनला मी दुसरं पत्र लिहिलं, माफीचं. ते मात्र मला जड गेलं.

टेस्टिंगच्या दुसऱ्या दिवशी डेसमंडचा फोन आला. सगळ्यात आधी त्याच्याच बाटल्या संपल्या होत्या आणि पुढच्या वर्षी मेलबर्नवाल्यांनी दुप्पट मागितल्या होत्या. त्याने ते मला दोनदा सांगितलं, आणि खरं सांगते, मीही दोनदा ऐकलं.

त्यानंतर मी फुटण्यासारखा पुष्कळ माल पाठवला. व्हायोलिनं, काचेचे दिवे, एकदा तर कुणाचं संगमरवरी बेसिन. नियम एकच ठेवला. ज्याचा आपल्या मालावर फार जीव आहे, त्याला पॅकिंगच्या टेबलापाशी फिरकू द्यायचं नाही.