सरोजाक्कांचं कपाट

पुस्तक परत आलं की सरोजाक्का कधी "आवडलं का?" असं विचारत नसत. त्या विचारत, "कुठं थांबलीस?" पुस्तक आणणारी पोरगी पान उघडून दाखवी. अक्का चष्मा लावून ते पान मुकाट वाचत, पुस्तक परत तिच्या हातात देत आणि म्हणत, "सरी. स्वल्प दिवस जाऊ दे, मग पुढं वाच." वाचताना मूल जिथं थांबतं तिथं त्याचं काहीतरी दुखत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बेळगावकडची, चौथीपर्यंत शिकलेली. मुलानं बंगळुरात व्हाइटफील्डला फ्लॅट घेतला म्हणून इथं आले. अक्का आमच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बंगळुरातलं. मराठी बोलत त्यात निम्मी कन्नड; 'सरी' म्हणजे बरं, 'स्वल्प' म्हणजे थोडे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लबहाउसमधलं एक कपाट मागून घेतलं आणि त्यात वयात येणाऱ्या पोरांसाठी पुस्तकं ठेवली. बाप दारू पितो, आई सोडून जाते, मैत्रीण मरते, असल्या गोष्टींची. मी एकदा म्हटलं, "अक्का, ही कसली पुस्तकं पोरांना देता?" तर म्हणाल्या, "दुःख पोरांना माहीतच असतं गं. त्याबद्दल बोलायचं कसं, ते माहीत नसतं."

मला ते लगेच पटलं. लहानपणी माझी धाकटी बहीण तापानं गेली तेव्हा मला सांगितलं होतं, ती मावशीकडे राहायला गेलीय. मी तिच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवत होते. मोठ्यांना वाटत होतं, पोरीला आपण जपलं.

आमच्या इमारतीत तन्वी नावाची मुलगी आहे, तेव्हा तेरा वर्षांची होती. आईबाप पुण्याहून आलेले, दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. तिचा मोठा भाऊ अथर्व बारावीत असताना गेला. त्यानं स्वतःचा जीव घेतला हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये कुजबूज चाले आणि तन्वी आत आली की सगळे छताकडे बघत. घरातले त्याचे फोटो उतरवले. आईनं तन्वीला सांगितलं, अपघात झाला, आता तो विषय नको. तेरा वर्षांची पोर काय दूधखुळी असते?

तिनं कपाटातून आपण होऊन एक पुस्तक उचललं. त्यात भाऊ जीव देतो आणि मागं राहिलेली बहीण कशी दिवस काढते, याची गोष्ट होती. बहीण भावाच्या खोलीचं दार उघडते, त्या पानावर तन्वी थांबली. मी तिथंच बसले होते. अक्कांनी पान वाचलं आणि त्या दिवशी "सरी" म्हणाल्या नाहीत. तिला शेजारी बसवून घेतलं. "पुढं त्या पोरीला फार राग येतो," त्या म्हणाल्या. "भावाचासुद्धा. तसा राग आला तर चालतो, कंदा, माझ्या बाळा. आणि ती पोरगी शेवटपर्यंत जगते, एवढं आधीच सांगून ठेवते."

तन्वी घरी गेली आणि जेवताना तिनं आईला विचारलं, दादाचे फोटो कुठं ठेवलेस.

दुसऱ्या दिवशी आई सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. अक्कांनी पोरीच्या डोक्यात नको ते भरवलं म्हणे. नको ते! भाऊ त्या पोरीचा गेला होता, पुस्तकानं नेला नव्हता. पण सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना एकदम मुलांचा कळवळा आला. मुलांना पॉझिटिव्ह वाचायला द्या, असं लिहिणारी ही माणसं दोन मार्क कमी पडले तर पोरांशी आठवडाभर बोलत नाहीत. मला अजून संताप येतो.

कमिटी कपाट साफ करायला आली. वाचलं कुणीच नव्हतं. मुखपृष्ठ बघून निवड चालली होती. काळ्या रंगाची सगळी पुस्तकं गेली, त्यात भुतांच्या विनोदांचं एक गेलं. कपाटातलं सगळ्यांत भयंकर पुस्तक मात्र राहिलं, कारण त्यावर सायकलवरचा हसरा मुलगा होता. "वाचून तरी काढा अण्णा," अक्का सेक्रेटरीला म्हणाल्या. तो म्हणाला, "वेळ कुणाला आहे आंटी?" अक्कांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा क्लबहाउसची पायरी चढल्या नाहीत. रिकाम्या जागी सशांची आणि पऱ्यांची पुस्तकं आली. मोठी पोरं तिकडं फिरकेनाशी झाली.

यंदा अक्का गेल्या. या प्रकारामुळं गेल्या असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं. शोकसभा क्लबहाउसमध्येच ठेवली. सेक्रेटरी बोलला, आंटींनी आपल्या मुलांना आनंदी गोष्टींची गोडी लावली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठणार, एवढ्यात तन्वी उठली.

"त्या गोष्टी आनंदी नव्हत्या," ती म्हणाली. "माझ्या दादानं जीव दिला. मला कुणीच सांगितलं नाही. फक्त या आजींनी त्याच्याबद्दल बोलू दिलं."

कुणीतरी तिच्या आईला खुणावलं, बसव तिला. आईनं बसवलं नाही. ती जमिनीकडे बघत, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तो मला म्हणाला होता, आई, मला जमत नाहीये. मी म्हटलं, असं निगेटिव्ह बोलायचं नाही."

हे तन्वीला पहिल्यांदाच कळत होतं. मग ती आईच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली आणि तिनं विचारलं, "अजून काय म्हणाला होता?"

सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला, चहा थंड होतोय. मी म्हटलं, "होऊ दे."