चिकाचा पेला

काल बारामतीत आमच्या शेजारी खरवस शिजत होता. वेलदोड्याच्या वासानं मी पुन्हा नऊ वर्षांची होऊन माझ्या गावी, कोऱ्हाळ्यात उभी राहिले.

आमची गाय व्याली होती. आईनं खरवसासाठी पेलाभर कच्चा चीक देऊन मला गावातल्या सखूआत्याच्या पुतण्याकडं धाडलं. म्हातारी आत्या दौंडला लेकीकडं गेलीय, असं तो सगळ्यांना सांगायचा. घराला बाहेरून कुलूप होतं. मी परत वळणार, तेवढ्यात बाजूच्या खिडकीच्या गजांतून चार बोटं बाहेर आली.

"कोण गं? पाणी हाय का, पोरी?"

आवाज सखूआत्याचा होता. मी पेला पुढं केला. आत्यानं तो एका दमात संपवला, बोटांनी पुसून चाटला. मग ती खोलीत काहीतरी शोधू लागली.

"भांडं रिकामं देऊ न्हाय, बाय," म्हणत तिनं त्यात भाकरीचा बुरशी आलेला तुकडा टाकला. "कुणाला सांगू नगं. त्यो मारतो."

तो मलाही मारील, या भीतीनं वाटेत दोनदा तुकडा फेकावासा वाटला. पण रिकामा पेला पाहून, चीक वाटेत मीच प्याले असं वाटून आई रागावली असती, म्हणून राहू दिला. आईनं पेल्यात पाहिलं, मला दोनच प्रश्न विचारले आणि तशीच पोलीस पाटलांकडं धावली. त्यांनी कुलूप तोडून आत्याला बाहेर काढलं.

ती अकरा दिवस कोंडलेली होती. माझी शाळेची वाट त्याच खिडकीखालून जायची. एक रविवार वजा केला, तरी जाता-येता वीस वेळा मी तिथून गेले होते. तिनं किती हाका मारल्या, हे मी तिला कधीच विचारलं नाही.