बडबडे काकांची विद्या

कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत फाटकी पुस्तकं बांधणाऱ्या काकांना मुलं ‘बडबडे काका’ म्हणत. नाव त्यांनी कमावलेलंच होतं. तीस वर्षं एकटे बसून हातातल्या कामाशी त्यांच्या गप्पा चालत. “हं, सुई आत. आता बाहेर ये. ओढ, पण बेतानं.”

त्या खोलीत सध्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी येऊन बसे. तिला परीक्षेत प्रकल्पावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मागच्या वेळी ती सभागृहाच्या दारातूनच पळाली होती. ही संधी हुकली की वर्ष गेलं. म्हणून पाढे म्हणावेत तशी ती वहीतली वाक्यं घोकायची : “मला भीती वाटत नाही. मी उत्तम बोलते.”

तिसऱ्या दिवशी काकांना राहवेना.

“खरंच वाटत नाही भीती?”

“वाटते ना! म्हणून तर घोकतेय.”

“मग स्वतःलाच थापा कशाला मारतेस? हे पुस्तक बघ. पाठ मोडलीय, पानं सुटलीत. ‘वा, काय कोरं करकरीत आहेस,’ म्हटलं तर शिवलं जाईल का? मी म्हणतो, मोडलंयस बाबा, पण होशील नीट. चल, आधी पाठ धरू.”

“मग मी काय म्हणू?”

“स्वतःला पुढचं काम सांग. एका वेळी एकच. आणि मोठ्यानं!”

परीक्षेच्या दिवशी काका हातावरचा डिंक न धुताच सभागृहात मागे जाऊन उभे राहिले. मुलगी बाहेर व्हरांड्यात होती. कॉलरला लावलेला माईक सुरू झालाय, हे तिच्या गावीही नव्हतं. अचानक सभागृहभर तिचा आवाज घुमला : “भीती वाटतेय? वाटू दे. कागद उजव्या हातात धर. दार ढकल. टकलू सरांकडे बघू नकोस. पहिलं वाक्य बोल.”

एकच हशा उसळला. दार उघडलं. हसरे चेहरे पाहून तिची नजर कॉलरवर गेली आणि पाय उंबऱ्यातच थिजले. काकांना वाटलं, ही आता पळते!

“ऐकलंत ना सगळं?” तिनं कागद उजव्या हातात धरला. “मग लपवायला काही उरलंच नाही. पहिलं वाक्य बोलते.”

परीक्षक म्हणून बसलेल्या टक्कलवाल्या सरांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. “बोला! मी बघत नाही.”

दहा मिनिटांची पंधरा झाली.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत आली, तेव्हा काका सुईत दोरा ओवत होते.

“काय झालं गं?”

“पास! पण सर म्हणाले, आता वेळेत थांबायला शिका.”

“घ्या,” काका सुईला म्हणाले, “हिलाही आता लोक बडबडी म्हणणार.”